आमची वाटचाल: चौथा आयसी न विकण्यापासून

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, एका जिन्याखालच्या जागेत आम्ही सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांचे दुकान सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्याने आणलेल्या यादीप्रमाणे माल मोजून देणे एवढेच आमचे काम होते. आज आम्ही विद्यार्थ्यांसाठी सरावाचे बोर्ड बनवतो, आणि त्याची सुरुवात सबमिशनच्या गर्दीत आलेल्या पदविकेच्या एका विद्यार्थ्यापासून झाली.

अंधार पडताच दिवा लावणारा त्याचा प्रकल्प होता. ‘काका, हा तिसरा आयसी, हाही खराब निघाला,’ असे म्हणून त्याने सोल्डर न करता भाग खोचून जोडायचा ब्रेडबोर्ड काउंटरवर ठेवला. एलएम393 हा कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारा आयसी (चिप), मीच त्याला तीनदा विकला होता आणि चौथाही सहज विकता आला असता. पण त्याचा रडवेला चेहरा पाहून मी मल्टिमीटर काढला. एलडीआरवर, म्हणजे उजेडाप्रमाणे रोध बदलणाऱ्या भागावर, बोट ठेवले की 3 क्रमांकाच्या पिनवरचा व्होल्टेज प्रीसेटने (फिरवून जुळवायच्या छोट्या रेझिस्टरने) ठरवलेल्या व्होल्टेजच्या खाली जात होता आणि बोट काढले की वर येत होता, म्हणजे इनपुटची बाजू बरोबर होती. मात्र 1 क्रमांकाच्या आउटपुट पिनपासून ग्राउंडपर्यंत जोडलेला एलईडी काही केल्या लागत नव्हता.

या आयसीचे आउटपुट ओपन कलेक्टर असते. आतला ट्रान्झिस्टर ती पिन ग्राउंडकडे खेचू शकतो, पण स्वतःहून प्रवाह बाहेर देऊ शकत नाही. तो बाहेरूनच पुरवावा लागतो. एलईडी काढून मी आउटपुट आणि 5 व्होल्ट यांच्यामध्ये 10 किलोओहमचा पुल-अप, म्हणजे पिनला वर खेचणारा, रेझिस्टर लावला, तेव्हा मीटरवर 5 आणि जवळपास शून्य असे दोन स्वच्छ आकडे दिसू लागले. मग 5 व्होल्टकडून 1 किलोओहममधून एलईडी आउटपुटला जोडला आणि बोट ठेवताच तो लागला. थर्मोकोलच्या तुकड्यात खोचून ठेवलेले ‘खराब’ आयसी त्याने दप्तरातून काढले; दोन्ही उत्तम चालले. ते विकताना मी एका शब्दाने विचारपूस केली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

काम तेवढ्यावर संपले नाही. उजेड अगदी सीमेवर असला की एलईडी थरथरत असे, कारण आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेवर दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होत होता. एलडीआरकडचा व्होल्टेज 10 किलोओहममधून 3 क्रमांकाच्या पिनला दिला आणि आउटपुटपासून त्याच पिनला 1 मेगाओहमचा रेझिस्टर जोडला, तेव्हा लागण्याच्या आणि विझण्याच्या पातळीत सुमारे 50 मिलिव्होल्टचे अंतर पडले आणि थरथर थांबली.

पुढे आम्ही हेच सर्किट छापील बोर्डावर आणले. पुरवठ्याच्या पिनांलगत 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला, न वापरलेल्या दुसऱ्या कंपॅरेटरची इनपुटे ग्राउंडला जोडली आणि प्रीसेट 3.5 व्होल्टच्या वर जाणार नाही अशी मर्यादा घातली, कारण 5 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्यापलीकडच्या इनपुटांची तुलना भरवशाची राहत नाही.

पुल-अप मात्र आम्ही जंपरवर, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या छोट्या जोडणीवर, ठेवला असून जंपर वेगळ्या पुडीत देतो. आधी त्याच्याशिवाय आउटपुट मोजावे, मग जंपर बसवून पुन्हा मोजावे, असा पहिला प्रयोग आहे. बोर्ड बिघडलेला आला असे फोन दर वर्षी येतात आणि जंपर बसवूनच पाठवा असेही काही शिक्षक सुचवतात. ती सूचना आम्ही अद्याप स्वीकारलेली नाही.