सूर्य समोर असताना

सूर्याकडे तोंड करून छायाचित्रे काढायला मला मनापासून आवडते. पानांच्या कडा उजळतात, एरवी न दिसणारे विरळ धुके दिसू लागते, माणसाच्या केसांभोवती सोनेरी किनार उमटते. याच प्रकाशाबरोबर लेन्स फ्लेअरही, म्हणजे चित्रात उमटणारे डाग आणि पांढुरकेपणा, येतो, आणि बरीच वर्षे मी त्याला एकच दोष मानून एकच उपाय करत राहिले: हूड (लेन्सपुढे सावली धरणारे कडे) लावायचे आणि उरलेले संगणकावर निस्तरायचे. पुढे एकदा पाण्याकाठी काढलेल्या एका जिवलग व्यक्तीच्या चित्रात नेमका गालावर हिरवट डाग उमटला, आणि तो पुसण्यात अख्खी संध्याकाळ घालवूनही त्वचेचा रंग काही जुळेना, तेव्हा मी या विषयाचा मुळातून विचार करू लागले.

काचेवर कोणतेही कोटिंग नसेल, तर तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हा परतलेला प्रकाश दुसऱ्या एखाद्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा सेन्सरकडे वळला की फ्लेअर तयार होतो. हवेला लागून असलेले वीस पृष्ठभाग एखाद्या झूम लेन्समध्ये असतील, तर अशा दुहेरी परावर्तनासाठी १९० जोड्या उपलब्ध असतात. काळवंडलेली जुनी भिंगे नव्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश भिंगरचनाकार डेनिस टेलर यांच्या लक्षात आले होते. पुढे १९३५ मध्ये झाइस या जर्मन भिंग-कंपनीत काम करणाऱ्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन रोखणारे पातळ कोटिंग विकसित केले. आजच्या बहुस्तरीय कोटिंगमुळे हे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येऊ शकते, पण सूर्य इतका प्रखर असतो की तेवढेही डोळ्यांवर येते.

फ्लेअरची दोन रूपे वेगळी ओळखता येणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एका रूपात संपूर्ण चित्रावर पांढुरका पडदा पसरतो, काळा रंग करडा होतो आणि कॉन्ट्रास्ट ढासळतो. दुसऱ्या रूपात निश्चित आकाराचे रंगीत ठिपके दिसतात. त्यांना घोस्ट म्हणतात. सूर्य आणि चित्राचा मध्य यांना जोडणाऱ्या रेषेवर हे ठिपके बहुधा ओळीने मांडलेले असतात.

म्हणून मी पहिला प्रश्न विचारते तो सूर्य चौकटीत आहे की चौकटीबाहेर, हा. तो बाहेर असेल तर त्याचा थेट प्रकाश पुढच्या भिंगावर पडू देण्याचे काहीच कारण नाही. हूड यासाठीच असते. पण झूम लेन्सचे हूड सर्वांत रुंद कोनाच्या हिशेबाने बनवलेले असल्यामुळे लांबच्या फोकल लेंग्थला, म्हणजे झूम करून दूरचे जवळ आणल्यावर, ते अपुरे पडते. अशा वेळी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून मी लेन्सच्या समोरच्या बाजूने पाहते आणि भिंगावर पूर्ण सावली पडेपर्यंत हात किंवा टोपी सरकवते. तो हात चौकटीत डोकावत नाही ना, एवढे मात्र तपासावे लागते.

सूर्य चौकटीतच असेल तर हूड निरुपयोगी ठरते. तेव्हा मी सर्वप्रथम फिल्टर काढते, कारण सपाट काच म्हणजे आणखी दोन परावर्तक पृष्ठभाग. मग भिंग स्वच्छ पुसते. बोटाच्या एका पुसट ठशामुळे पडदा किती दाट होतो, हे पुसण्यापूर्वीचे आणि नंतरचे चित्र शेजारीशेजारी ठेवल्यावरच पटते. त्यानंतर जागा बदलायची. कॅमेरा किंचित वळवला तरी घोस्ट चेहऱ्यावरून निघून गडद झाडीत जातो किंवा चौकटीबाहेर पडतो. सूर्य बुंध्याच्या कडेआड अर्धवट लपवला, तर पडदा विरळ होतो आणि प्रकाशाचा ताराही सुरेख उमटतो. हा तारा अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राच्या, पात्यांवर अवलंबून असतो: आठ पात्यांना आठ किरणे, नऊ पात्यांना अठरा. हे छिद्र एफ १६ इतके बारीक केले की तो ठसठशीत दिसतो, मात्र घोस्टही लहान आणि रेखीव होऊन अधिक खटकतात. शिवाय विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, तीक्ष्णता कमी होते, त्यामुळे मी सहसा एफ ११वर थांबते.

हे सगळे करताना ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, विशेषतः टेलिफोटो लेन्सने, सूर्याकडे कधीही पाहू नये. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मी अशा वेळी कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवरच चौकट ठरवते. तिथे घोस्टही आधीच दिसतात.

एवढे करूनही घोस्ट हटला नाही, तर कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल करून मी दोन चित्रे घेते: एक नेहमीसारखे, दुसरे अंगठ्याने सूर्य झाकून. दुसऱ्या चित्रात अंगठ्याभोवतीचा भाग वाया जातो, पण बाकी जमीन, दगड आणि झाडी डागांशिवाय मिळतात. मग संगणकावर पहिल्यातला सूर्य आणि आकाश, दुसऱ्यातली जमीन, असे मास्क (चित्राचा हवा तेवढाच भाग दाखवण्याची सोय) वापरून जोडता येते. खडक आणि इमारतींच्या बाबतीत ही पद्धत उत्तम चालते. वाऱ्यात हलणाऱ्या गवताच्या कडेशी मात्र सांधा उघडा पडतो, त्यामुळे तिथे मी वारा पडण्याची वाट पाहते आणि दोन्ही चित्रे लागोपाठ घेते.