चार फेरे आत, पाच बाहेर

फोन आला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि मी बंबात लाकूड सारत होतो. अण्णांचा पुतण्या बोलत होता. "मिस्त्री, गाडी रेस घेते पण जागची हलत नाही. काट्यावर उभी हाय. मागं पाच गाड्या लागल्यात, काटेवाला शिव्या द्यायलाय."

मी एकच विचारलं, "रिव्हर्स टाकला होता का?"

"टाकला ना. मागचं चाक काट्यावर नीट बसलं नव्हतं, म्हणून हातभर मागं घेतली."

"आणि बटण?"

"कोणतं बटण?"

बंब तसाच सोडला.

अण्णांची बाग अंबड तालुक्यात. मोसंबी. माल नागपूरला कळमन्याला धाडायचा तो स्वतःच्या गाडीतून, आणि गाडी वडिलांच्या वेळची: जुनी महिंद्राची पिकअप, 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, चार गिअर. टॉप म्हणजे सरळ एकास एक, इंजिनचा एक फेरा तो मागच्या शाफ्टचा एक. त्यामागे डिफरन्शियल असं की शाफ्ट पाचापेक्षा जास्त वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा. खड्ड्याखुड्ड्यांच्या रस्त्यावर, शेतातून माल काढताना ही गाडी बैलासारखी ओढते. पण समृद्धी महामार्ग झाला आणि तिची पंचाईत झाली. सत्तरला इंजिन अठ्ठावीसशे आरपीएमवर किंचाळतं, कॅबिनमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, आणि आता चार-पाच तास तीच किंचाळी.

अण्णांनी मोबाइलवर अमेरिकेतल्या डिझेल पिकअप बघितल्या होत्या. तिकडे 1989 साली कमिन्स इंजिनची डॉज आली, तेव्हा तिचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीन गिअरचाच होता, वर ओव्हरड्राइव्ह नाही, म्हणजे टॉपच्याही वरचा, त्याच वेगाला इंजिन हळू फिरू देणारा गिअर नाही. मग लोक गिअर व्हेंडर्स कंपनीचा ओव्हरड्राइव्हचा डबा मागे जोडून घेतात. त्याचा रेशो 0.78, म्हणजे त्याच वेगाला इंजिन 22 टक्के हळू. अण्णा म्हणाले, "आपल्याला काहून जमत नाही?" जमत नाही असं म्हटलं की आमच्या धंद्यात झोप लागत नाही.

तो डबा मागवण्याइतका पैसा मोसंबीत नाही. मी मुंबईला कुर्ल्याच्या भंगारात दोन दिवस घालवले आणि एका मोडीत निघालेल्या विलायती मोटारीचा लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह घेऊन आलो. लेकॉक ही इंग्लंडात शेफिल्डची कंपनी, आणि गिअर व्हेंडर्सची जातकुळीही तिचीच. गॅरेजमध्ये बाकावर बांधला, हवेच्या कॉम्प्रेसरने दाब देऊन कोन क्लच, म्हणजे ओव्हरड्राइव्ह लावणारा शंकूच्या आकाराचा क्लच, धरला, आणि खडूची खूण करून हाताने फिरवला. आत चार फेरे दिले की बाहेर पाच. त्या दिवशी ते मी दहा वेळा तरी केलं असेल, नुसतं बघायला.

गाडीचा मूळ गिअरबॉक्स उघडायचाच नाही असं मी ठरवलं. ओव्हरड्राइव्ह मधोमध, चेसीसला वेगळी आडवी पट्टी (क्रॉसमेंबर) लावून तिच्यावर टांगायचा. पुढे आखूड शाफ्ट, मागे कापलेला शाफ्ट. जालन्यात स्टीलच्या रोलिंग मिल आहेत म्हणून लेथवाले कसलेले मिळतात. आतल्या शाफ्टची स्प्लाइन (त्याच्यावरच्या उभ्या खाचा) आणि बेअरिंगचं हाउसिंग एका लेथवाल्याने करून दिलं, तीन आठवडे खाल्ले त्याने, पण चिमटीत धरून हलवलं तर हलायचं नाही असं केलं. शाफ्ट कापायला मी दुसरा जुना घेतला आणि मूळचा तेल लावून भिंतीवर टांगून ठेवला. गाडीत असा बदल करायचा म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. ते आरटीओचं कागदपत्र अण्णांनी निस्तरायचं, असं आधीच बोलून घेतलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी बदनापूरपर्यंत ट्रायल घेतली. साठला टॉपमध्ये ओव्हरड्राइव्हचं बटण दाबलं. आधी काहीच नाही, मग एक हलका धक्का, आणि इंजिन असं खाली बसलं की अण्णांना वाटलं गाडी बंद पडली. काचेवरची माशी उडालेली ऐकू आली असती. काटा मात्र खोटं बोलायला लागला: स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सवरून येते, ओव्हरड्राइव्ह तिच्या मागे, त्यामुळे तो साठ दाखवतो तेव्हा गाडी पंचाहत्तरला असते. मी कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवलं.

आणि एक गोष्ट राहिली. हा ओव्हरड्राइव्ह फक्त टॉपमध्येच लागावा म्हणून गिअरच्या दांडीपाशी एक स्विच लागतो. दांडी टॉपमध्ये नसेल तर करंट तुटला पाहिजे. तसला स्विच त्या दिवशी दुकानात नव्हता. अण्णांचा माल तोडून क्रेटात भरलेला, दहा क्विंटल, मृग बहराचा, फेब्रुवारीत भाव बरा. मी अण्णांना म्हटलं, "रिव्हर्स टाकायच्या आधी बटण बंद करा, विसरू नका. स्विच आल्यावर लावतो." अण्णा मान डोलावून गेले. पहाटे गाडी चालवायला बसला पुतण्या.

ह्या डब्यात सायकलच्या फ्रीव्हीलसारखं एक चाक असतं, फक्त दातांऐवजी रोलर. साध्या गिअरला पुढची ओढ त्या रोलरमधून जाते. ओव्हरड्राइव्ह लागला की बाहेरचं कडं आतल्या शाफ्टच्या पुढे पळतं, रोलर मोकळे फिरतात, काही बिघडत नाही. पण ओव्हरड्राइव्ह लागलेला असताना गाडी मागे घेतली तर सगळं उलटतं. बाहेरचं मागच्या दिशेला जास्त पळू बघतं आणि ती दिशा रोलर घट्ट धरून ठेवण्याची. एकीकडे कोन क्लच म्हणतो चारास पाच, दुसरीकडे रोलर म्हणतात एकास एक. दहा क्विंटल मोसंबी वर. दोघांपैकी एकाला तुटावंच लागतं.

मी पोचलो तेव्हा हमालांनी गाडी काट्यावरून ढकलून कडुनिंबाखाली घेतली होती. खाली शिरलो. क्रेटातून एखादं मोसंबं फुटून रस गळत होता, मानेवर चिकट थेंब पडत होते. ड्रेन प्लग खोलला. तेल आलं ते चांदीचा वर्ख मिसळल्यासारखं चमकत, आणि पातेल्याच्या तळाशी टण्ण करून अर्धा रोलर पडला. कापलेला नव्हे, मोडलेला. उसाच्या कांडीसारखा खरबरीत तुकडा. बोटांत धरून बघितला तेव्हाही गरम होता, की मलाच तसं वाटलं.

पुतण्या बाजूला उकिडवा बसला होता. "माझ्याकडून काही झालं का मिस्त्री?"

"नाही रे. माझ्याकडून झालं."

खरं तर फुटलेल्या रोलरनेही गाडी नेता आली असती. एकदा ओव्हरड्राइव्ह लागला की ओढ रोलरवर राहतच नाही. मनात आलंही तसं. पण आत लोखंडाचे तुकडे फिरत असताना नागपूरपर्यंत पाठवायची हिंमत नव्हती. मोटारसायकलच्या कॅरियरला बांधून मूळ शाफ्ट सोबतच आणला होता. दोन्ही आखूड शाफ्ट सोडले, डबा जॅकवर उतरवला, जुना शाफ्ट गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत लावला. दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे फाटे) एका रेषेत आहेत ना ते दोनदा बघितलं, त्या घाईत ते चुकलं असतं तर गाडी थरथरतच गेली असती. साडेआठला पुतण्या निघाला, किंचाळत. अण्णांचा दुपारी फोन आला तो एवढाच: "माल पोचेल ना आज? मग बाकीचं मागून बघू."

मजुरी मी घेतली नाही. रोलर जालन्यात मिळाले, पण बाहेरची रिंगही तडकली होती. तशीच दुसरी कुर्ल्याहून यायला दोन महिने लागले. आता दांडीपाशी स्विच आहे, टॉप सोडला की करंट तुटतो. चढाला बटण बंद करावं लागतं, नाहीतर इंजिन गुदमरून काळा धूर सोडतं, ते ड्रायव्हरनेच बघायचं. अण्णा म्हणतात लिटरमागे दीड किलोमीटर वाढलं. मला विचाराल तर एकाच्या वर नसेल, उरलेलं अण्णांचं कौतुक.

परवा ऑइल बदलायला गाडी आली होती. डॅशबोर्डवरचा माझा कागद अजून आहे, "60 म्हणजे 75". त्याखाली पुतण्याने निळ्या पेनने लिहिलंय: "बटण. विचारून घेतलं."