दुपारचा डबा, ३ ऑक्टोबर २००८

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात चांगलीच जुंपली. श्रीमंतांनी जास्त कर भरणं ही देशभक्ती, असं अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार बायडन मागे म्हणाले होते. काल रात्री सेंट लुईसच्या डिबेटमध्ये त्यांच्या रिपब्लिकन प्रतिस्पर्धी सेरा पेलिनबाईंनी ते उडवून लावलं. बायडन यांच्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामांची प्रस्तावित करवाढ वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांना, आयकराचा वरचा दर ३५ वरून ३९.६ टक्के. आमच्या टेबलावर तेवढं कमावणारं कुणी नव्हतं, आवाज मात्र सगळ्यांचे चढलेले! एकाने तर कोटावरचा झेंड्याचा बिल्लाच पुढे केला.

मी गुमान भेंडी-पोळी खात होतो. एच-वन-बी, म्हणजे परदेशी नोकरदाराच्या व्हिसावरचा माणूस, पगारातून कर कापला जातो, मत नाही.

"तू कुणाच्या बाजूने?" शेवटी विचारलंच त्या बिल्लेवाल्याने.

म्हटलं, "मी नुसताच भरतो."

हसावं की नाही, त्याला कळेना.