चमचा, पावडरचा डबा आणि आमचे मामा

जून २०२१. नाशिकच्या एका आजोबांचा व्हिडिओ आठवतोय का, कोविडची लस घेतल्यावर अंगाला चमचे, नाणी, उलथणं सगळं चिकटतंय म्हणून? चॅनलवाल्यांनी दिवसभर फिरवला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तो एका दुपारीत चार जणांकडून आला. आमचे मामा निफाडकडचे, म्हणजे घरचीच बातमी, त्यामुळे कोविशिल्डचा पहिला डोस झालेला असूनही त्यांनी जाहीर केलं की दुसरा काय आपण घेणार नाय.

लसीने अंगाचं चुंबक होत नाही, असं सांगणारं सरकारच्या पीआयबीचं फॅक्ट चेक मी टाकलं. कोणी उघडलं पण नाही. मग संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला तर मामा बनियन काढून बसलेले आणि दंडाला खरंच स्टीलचा चमचा! मी म्हटलं मामीला लावून बघा. मामीने तोपर्यंत एकही डोस घेतला नव्हता, तिने भाकरी थापता थापता चमचा घेऊन कपाळाला लावला, तर तिलाही चिकटला. घाम आणि तेलकट कातडी, दुसरं काय. मग मामांच्या दंडावर पावडर चोळायला लावली, चमचा खाली. लसीत लोखंड नसतंच आणि डोस असतो जेमतेम अर्धा मिली, पण ते वाचून कुणाला पटलं असतं? दुसरा डोस घेतला त्यांनी, ८४ दिवस झाल्यावर. मी जाम खूश.

खरी पंचाईत २०२४ ला झाली. एप्रिलच्या शेवटी बातमी आली की ॲस्ट्राझेनेकाने, म्हणजे कोविशिल्ड मुळात ज्या कंपनीची तिने, ब्रिटनच्या कोर्टात मान्य केलं, लसीमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होऊ शकतात. मामांचा सकाळी सातला फोन, "तीन वर्षं लपवलं बघ!" आता इथे पावडरचा डबा काय कामाचा, बातमी खरी होती ना. लपवलं मात्र नव्हतं, मे २०२१ मध्येच आपल्या आरोग्य मंत्रालयाने गुठळ्यांचं प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ असं सांगितलेलं आणि हा त्रास व्हायचाच तर साधारण डोसनंतरच्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही. पण ते तेव्हा कुणी फॉरवर्ड केलं? चमच्यात मजा होती, ०.६१ मध्ये काय मजा. आणि खरं सांगायचं तर मी पण तेव्हा ग्रुपवर टाकलं नव्हतं, उगाच लोक घाबरतील म्हणून. ते मामांना आजही कबूल केलेलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या दोन डोसचं काही नाही हो, ते झाले घेऊन. पण त्याच उन्हाळ्यात नातीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस होता, दीड वर्षाचा, आणि मामा म्हणे थांबा जरा, बातम्या शांत होऊ द्या. २०२२ ला गोवंडीत गोवराने लहान पोरं गेली ते मी सांगितलं तर म्हणाले ते मुंबईचं.

शेवटी लसीकरणाच्या दिवशी सुनेने सरळ पोरीला उचललं आणि अंगणवाडीत नेलं, मामा मागोमाग. सिस्टरला विचारलं, यात ते कोविडवालं काही नाय ना? सिस्टर रिटायरमेंटला आलेल्या, मान वर न करता म्हणाल्या, "दादा, तुमच्या लेकाला पण गोवराची मीच टोचलेली, लय रडला होता. पाय धरा पोरीचे."

मामांनी धरले.