वर्डप्रेसची साधनं एआय एजंटसाठी लिहून काढताना

आमच्या मासिकाच्या संकेतस्थळावर जुन्या लेखांना टॅग लावणं, शुद्धलेखन तपासणं, नवे मसुदे चढवणं ही कामं एआय एजंटवर, म्हणजे साधनं वापरून स्वतः कामं करणाऱ्या एआय प्रणालीवर, सोपवायचं ठरलं. संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळं चालवण्याच्या प्रणालीवर चालतं आणि तिच्या गाभ्यात २०१६ पासून रेस्ट एपीआय, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमना लेख वाचू-लिहू देणारी सोय, आहेच. सहकाऱ्याने त्यावर मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा, म्हणजे एआयला बाहेरची साधनं जोडण्याच्या ठरलेल्या पद्धतीचा, थर चढवला. लेख वाचणं, जतन करणं, काढणं अशा प्रत्येक कामासाठी त्यात एक साधन असतं. प्रत्येक साधनाचं वर्णन लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

एजंटला साधनाचं नाव, वर्णन आणि कोणती माहिती कशी द्यायची याचा साचा, एवढंच दिसतं. ऑफिसात नवा माणूस आला तर तो शेजारच्याला विचारतो, ‘अहो, हे बटण दाबलं तर काय होईल?’ एजंट असं विचारेलच, याची खात्री नाही. वर्णनात नसलेलं तो अंदाजाने भरून काढतो आणि त्याचा अंदाज बहुतेक वेळा पटण्यासारखा असतो. म्हणूनच तो धोक्याचा.

संकेतस्थळाच्या प्रतीवर चाचणी घेतली तेव्हा हे नीट कळलं. लेख वाचण्याच्या साधनाचं आधीचं वर्णन एका ओळीचं होतं: ‘लेख मिळवतो.’ एजंटने लेख मिळवला, शुद्धलेखन सुधारलं, परत जतन केलं. वाचकाला पान अगदी व्यवस्थित दिसत होतं. वर्डप्रेसच्या लेख संपादित करण्याच्या पडद्यावर उघडलं तर परिच्छेद, चित्र, मथळा असे सगळे वेगवेगळे ब्लॉक नाहीसे होऊन अख्खा लेख एका क्लासिक ब्लॉकमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या एकसंध चौकटीत, गोळा झालेला! कारण असं की वर्डप्रेस एरवी ‘रेंडर्ड’ मजकूर देतं, म्हणजे वाचकाला दिसतो तो. ब्लॉकच्या खुणा त्यातून गळलेल्या असतात आणि शॉर्टकोडच्या (कंसात लिहिलेल्या छोट्या आज्ञेच्या) जागी त्याचं तयार एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड, आलेलं असतं. मूळ मजकूर ‘रॉ’मध्ये असतो आणि तो मागणी करताना ‘कॉन्टेक्स्ट’ला ‘एडिट’ हे मूल्य दिल्यावरच मिळतो.

मग मी लिहिलं: ‘बदल करायचा असेल तर एडिट कॉन्टेक्स्टमध्येच वाचा. रॉ मजकूर बदला. रेंडर्ड मजकूर कधीही परत लिहू नका, कारण त्याने ब्लॉकची रचना नाहीशी होते.’ त्यातलं ‘कारण’ मला फार मोलाचं वाटतं. नियम लेखाच्या मजकुरापुरता होता, पण कारण वाचल्यावर एजंट सारांशाच्या बाबतीतही तसाच जपून वागू लागला.

लेख काढून टाकण्याचं प्रकरण याहून नाजूक. लेख काढला की तो कचरापेटीत जातो आणि वेगळी सेटिंग नसेल तर ३० दिवसांनी नष्ट होतो. चित्रांना मात्र एरवी कचरापेटीच नाही. चित्र काढायला गेलं तर वर्डप्रेस नकार देतं आणि त्याच संदेशात सुचवतं की ‘फोर्स’ (कचरापेटीशिवाय थेट काढण्याचा पर्याय) चालू करा. एजंट आज्ञाधारक, त्याने लगेच तसं केलं आणि चित्र कायमचं गेलं. त्रुटीचा संदेश हासुद्धा एजंटसाठी दस्तऐवजच असतो, हे मी तिथे शिकलो. आता तो संदेश आमचा थर बदलून देतो: ‘चित्र काढण्याची परवानगी नाही, संपादकांना विचारा.’

मराठीचे काही प्रश्न इंग्रजी मार्गदर्शकांत सापडतच नाहीत. लेखाच्या दुव्यातला नावाचा भाग डेटाबेसमध्ये २०० वर्णांपर्यंतच मावतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे सांकेतिक रूपात नऊ वर्णांची जागा घेतं आणि काना-मात्रा वेगळी मोजली जाते. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं! लांब मराठी शीर्षक मध्येच तुटतं. म्हणून ‘दुव्याचं नाव रोमन लिपीत द्या’ असं कारणासकट लिहिलं. टॅगचंही तसंच. लेखाला टॅग जोडताना नाव चालत नाही, क्रमांक लागतो. क्रमांक सापडला नाही की एजंट नवा टॅग तयार करतो आणि मग ‘कीर्तन’ आणि ‘किर्तन’ शेजारी शेजारी नांदतात. आधी दोन्ही लेखनांनी शोधा, नाहीच मिळाला तर थांबून विचारा, असं नमूद केलं.

‘प्रसिद्ध करू नका’ हे वाक्य मात्र मी वर्णनात ठेवलं नाही. लेखाच्या स्थितीसाठी साच्यातच दोन पर्याय ठेवले: ‘ड्राफ्ट’ (मसुदा) आणि ‘पेंडिंग’ (तपासणीच्या प्रतीक्षेत). तिसरा पर्याय एजंटला दिसतच नाही आणि पाठवला तरी आमचा थर तो नाकारतो. मसुदा वाचून प्रसिद्ध करण्याचं बटण संपादक स्वतः दाबतात.