मुळांची राखण : आमची वाटचाल

आमचं काम सुरू झालं ते हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीशिवाय पाण्यात पिकं घेण्याची, मांडणी उभी करून देण्यापासून. चॅनेल, टाकी, पंप आणि पोषक द्रावण, एवढंच तेव्हा आमच्याकडे होतं. जिवाणूंकडे आम्हाला वळवलं ते एकाच तक्रारीनं, आणि ती सगळीकडून सारखीच यायची: ईसी (द्रावणातल्या क्षारांचं मोजमाप) बरोबर आहे, पीएच साडेपाच ते साडेसहाच्या आत आहे, तरी दुपार झाली की लेट्यूस माना टाकतं. नेट पॉट, म्हणजे रोपाची जाळीदार कुंडी, उचलला की कारण दिसायचं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आतला बारीक दोरा तेवढा उरतो.

ही पिथियमच्या मूळकुजीची ओळखीची खूण. पिथियम दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या गटातला नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. मातीत रोगाला एका झाडाकडून दुसऱ्याकडे जायला वेळ लागतो. फिरत्या द्रावणात मात्र एका टाकीवरची सगळी झाडं एकाच पाण्यात उभी असतात.

यावर तेव्हा सरसकट सांगितला जाणारा उपाय म्हणजे पाणी निर्जंतुक करा. हायड्रोजन पेरॉक्साइड, क्लोरीन, यूव्ही दिवा. ही उपकरणं आम्ही बसवून दिली आहेत आणि दोन पिकांच्या मधल्या धुण्याला अजूनही सुचवतो. पण उभ्या पिकात त्यांची मर्यादा लवकर कळते. यूव्ही दिवा समोरून वाहणारं पाणी साफ करतो, मुळाला चिकटलेल्या रोगापर्यंत त्याचा प्रकाश पोचत नाही. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन ते संपून जातं. मुळं तर सतत साखरा आणि अमिनो आम्लं पाझरत असतात. अन्न तयार आणि वाटेकरी कोणी नाही, अशा जागी जो आधी शिरेल त्याचं फावतं.

लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ मध्ये मुळांभोवतीच्या जिवंत पट्ट्याला रायझोस्फिअर हे नाव दिलं. माती काढून टाकली तरी तो पट्टा राहतोच, फक्त ओस पडतो. तिथे चांगली वस्ती आधीच बसवायची, हे आमच्या व्यवसायाचं सूत्र झालं.

सुरुवात बॅसिलस या जिवाणूपासून केली. बॅसिलस सबटिलिस आणि बॅसिलस अमायलोलिक्विफेशियन्स मुळावर पातळ थर धरतात आणि इट्युरिन, फेंजायसिन, सर्फॅक्टिन अशी द्रव्यं सोडतात, ज्यांनी रोगकारकांची वाढ रोखली जाते. छोट्या कंपनीसाठी त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे ते टणक बीजाणू बनवतात. बाटली प्रवासात तापली तरी माल सहसा मरत नाही. स्यूडोमोनास या जिवाणूच्या काही जाती कामाला फार चांगल्या, पण त्या बीजाणू करत नाहीत, त्यामुळे थंडाव्याशिवाय टिकत नाहीत. त्या आम्ही मागणी आल्यावरच वाढवतो. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आम्ही कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरणाऱ्यांना देतो, कारण त्याला पसरायला आधार लागतो. पिथियमची पेशीभित्तिका मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची असते. ट्रायकोडर्माची विकरं ती फोडतात.

मायकोरायझाची, म्हणजे मुळांत राहून झाडाला फॉस्फरस मिळवून देणाऱ्या बुरशीची, विचारणा खूप होते. हायड्रोपोनिक्ससाठी ते आम्ही विकत नाही. द्रावणात विरघळलेलं फॉस्फरस भरपूर असलं की झाडाला त्या बुरशीची गरजच उरत नाही आणि मुळांत ती नीट वसत नाही. जे तिथे काम करणार नाही त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, यावर आम्ही आजवर ठाम आहोत.

आमच्याकडे ऑर्डर आली की पहिला प्रश्न पाण्याच्या तापमानाचा असतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साधारण साडेसात. त्याच वेळी गरम पाण्यात मुळांचं श्वसन वाढून त्यांना ऑक्सिजन जास्त लागतो, आणि पिथियम अफानिडर्मेटम या जातीला तर उष्णताच मानवते. अशा टाकीत कितीही चांगला जिवाणू ओतला तरी तो एकटा पुरा पडत नाही. म्हणून आधी टाकीवर सावली, एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड), पाणी १८ ते २२ अंशांच्या आसपास, मग बाटली. या आग्रहापायी काही विक्री सोडावी लागते, आणि ती आम्ही सोडतो.

दुसरा प्रश्न: पेरॉक्साइड किंवा क्लोरीन चालू आहे का? ते रोगकारक आणि राखणदार यांत भेद करत नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही आधी घालवावं लागतं. तिसरी गोष्ट काकवीची. जिवाणूंना खाऊ म्हणून टाकीत ती घालण्याची सवय अनेकांना असते. त्यावर पाण्यातले सगळेच सूक्ष्मजीव फोफावतात, मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन ओढून घेतात आणि नळ्यांत चिकट थर साठतो. मुळांचा पाझर त्यांना पुरेसा असतो, हे आम्ही प्रत्येक नव्या ग्राहकाला समजावून सांगतो.

वेळही महत्त्वाची. रोप गादीत असतानाच पहिली मात्रा, लावणीच्या वेळी दुसरी, पुढे टाकी बदलली की पुन्हा. कुजलेलं मूळ कुठलाही जिवाणू परत पांढरं करत नाही; नवी मुळं फुटतात, ती सांभाळायची.

उत्पादन आम्ही लहान घाण्यांत घेतो. प्रत्येक घाण्याचा नमुना अगार प्लेटवर (जिवाणू वाढवण्याच्या थाळीवर) वाढवून वसाहती मोजतो आणि लेबलवर लिहितो तो आकडा मुदत संपायच्या दिवशी जिवंत राहणाऱ्या जिवाणूंचा असतो. या धंद्यात विश्वास टिकतो तो या आकड्यावर, असं माझं मत आहे.

सध्या आमचं लक्ष मंदगती वाळूगाळणीवर आहे. वाळूच्या वरच्या भागात सूक्ष्मजीवांचा थर बसतो आणि परतीच्या पाण्यातले पिथियमचे बीजाणू तिथे बऱ्याच प्रमाणात अडतात. गाळणी पक्व व्हायला काही आठवडे लागतात आणि पाणी सावकाश सोडावं लागतं, दर चौरस मीटरला तासाला १०० ते ३०० लिटर. जागा कमी असणाऱ्यांना ती परवडेल अशा मापात बसवणं, हे काम आता हाती आहे.