तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रकाठी राहायची भीती वाटत नाही का?

दरवर्षी डिसेंबरात लातूरला गेले की चहाच्या दुसऱ्या घोटाला हा प्रश्न येतो. बहुधा मावशी विचारते आणि बाकीचे कान टवकारतात: भूकंप आणि त्सुनामी ठाऊक असताना तुम्ही त्या जपानच्या समुद्रकाठी राहताच कशाला? नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, भाषेशी एव्हाना जमलेले सख्य, ही उत्तरे खरी असली तरी मावशीने विचारलेले ते नसते. तिला भीतीबद्दल ऐकायचे असते, म्हणून या वेळी नीट लिहून काढते.

आम्ही हामामात्सूत राहतो. टोकियो आणि ओसाका यांच्या साधारण मध्यावरचे हे शहर मोटारसायकली आणि पियानोंसाठी ओळखले जाते. शहराच्या पश्चिमेला हामाना नावाचे सरोवर आहे. एके काळी ते गोड्या पाण्याचे होते आणि समुद्र व सरोवर यांच्यामध्ये वाळूचा बांध होता. 1498 साली मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली, बांध फुटला आणि सरोवर समुद्राला मिळाले. त्या मुखाला आजही ‘इमागिरे’ म्हणतात, म्हणजे ‘आत्ताच तुटलेले’. पाचशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी इथल्या लोकांच्या बोलण्यात ते आत्ताच तुटलेले आहे. भीतीबद्दल विचारणाऱ्याला मी आधी हे नाव सांगते.

किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी नानकाई नावाचा लांबलचक खंदक आहे. तिथे फिलिपीन समुद्राखालचा भूपट्ट जपानच्या पोटाखाली सरकतो, पण तो सुरळीत सरकत नाही. दोन्ही बाजू एकमेकींना धरून ठेवतात, वरची कड खाली ओढली जाते, आणि ताण असह्य झाला की ती उसळून वर येते व आपल्या डोक्यावरचे पाणीही उचलते. 1707 साली असे झाले. 1854 साली एका भूकंपानंतर सुमारे 32 तासांनी दुसरा झाला. मग 1944 आणि 1946. पुढचा कधी होईल, हे कोणी सांगू शकत नाही. मार्च 2025 मध्ये सरकारने मांडलेल्या अंदाजानुसार सर्वांत वाईट प्रसंगी 2 लाख 98 हजारांपर्यंत माणसे मरतील. हा आकडा पहिल्यांदा ऐकला त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही मावशी, तुला सांगून टाकते.

2011 च्या त्सुनामीनंतर आमच्या शिझुओका प्रांताने शहराच्या किनाऱ्यालगत 17.5 किलोमीटर लांबीची संरक्षक भिंत उभारली. ती 2020 मध्ये पूर्ण झाली आणि तिच्यासाठी इथल्याच एका गृहबांधणी उद्योगसमूहाने 30 अब्ज येन दिले. भिंत म्हटली की सिमेंटचा तट डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात नाकाताजिमाच्या वाळूच्या टेकड्यांजवळ ती वाळूखाली दडलेली आहे आणि पाहुण्यांना सांगावे लागते की तुम्ही भिंतीवर उभे आहात. मात्र ती पाणी पूर्णपणे अडवेल, असे तिच्या बाजूने बोलणारेही म्हणत नाहीत. पाण्याची खोली कमी व्हावी आणि पळायला चार मिनिटे जास्त मिळावीत, एवढ्यासाठी ती आहे. पळायचे आपले आपणच.

म्हणून घरात भीतीचे रूप फार किरकोळ आणि व्यावहारिक आहे. कपाट आणि छत यांच्यामध्ये आधाराचे दांडे ठोकलेले आहेत. पलंगाच्या डोक्याशी काही टांगलेले नाही. पायाशी जुने बूट असतात, कारण अंधारात फुटलेल्या काचेवरून अनवाणी चालता येत नाही. देवघरातल्या पितळी गणपतीखाली भांडी घसरू नयेत म्हणून मिळणारी पारदर्शक चिकट चकती लावली आहे. आई पहिल्यांदा आली तेव्हा तिने पूजेसाठी मूर्ती उचलायला हात घातला आणि मूर्ती हलेना. “अगं, देव चिकटवलास?” असे ती म्हणाली आणि दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोलली. तिसऱ्या दिवशी पहाटे घर हलले. सगळे थांबल्यावर ती आधी देवघरात गेली, गणपती जागेवर पाहिला आणि काही न बोलता चहा ठेवायला वळली.

30 जुलै 2025 ची सकाळ वेगळी होती, कारण आमच्याकडे काहीच हलले नव्हते. रशियाच्या पूर्व टोकाच्या कामचात्कात 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि काही वेळाने आमच्या किनाऱ्याला त्सुनामीचा इशारा लागू झाला. ऊन असे की त्याच दिवशी ह्योगो प्रांतात 41.2 अंश तापमान नोंदले गेले. मी, मुलगी आणि शेजारच्या आजी नेमून दिलेल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलो. आजींनी छत्री, ओले टॉवेल आणि सातूचा थंड चहा आणला होता. मी घाईत फक्त पासपोर्ट घेतले होते. आमच्याकडे पोहोचलेल्या लाटा मीटरभरही नव्हत्या. मी वैतागले, तेव्हा आजींनी बेसबॉलमधले दोन शब्द शिकवले. ‘काराबुरी’ म्हणजे हुकलेला फटका आणि ‘सुबुरी’ म्हणजे सरावासाठी हवेत फिरवलेली बॅट. आज झाली ती सुबुरी, असे म्हणून त्यांनी मला चहा ओतून दिला.

भीती मला वाटते, पण ती मी जपानमध्ये शिकले नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना किल्लारी हादरली, तेव्हा मी दहा वर्षांची होते. लातूरच्या आमच्या गल्लीत त्यानंतर कित्येक रात्री सगळे अंगणात झोपत होते. किल्लारी परिसरात जाड दगडमातीच्या भिंती आणि वरची मातीची धाबी झोपलेल्यांवर कोसळली होती. तिथे इशारा नव्हता, सराव नव्हता, आणि भूकंप आपल्याकडे येतो हेच बहुतेकांना ठाऊक नव्हते. भीती आधी नव्हतीच, ती सगळी नंतर आली आणि काही उपयोगाची उरली नाही. इथे ती आधी येते. तिला काम देता येते, बूट ठेवायला आणि दांडे ठोकायला लावता येते.

गेल्या खेपेला हे सगळे मावशीला सांगून झाल्यावर मी तिच्या पलंगाच्या वरच्या माळ्याकडे बोट दाखवून विचारले की ही लोखंडी ट्रंक तिथे का आहे. ती म्हणाली, “ती? ती तर तुझ्या काकांच्या लग्नापासून तिथेच आहे.”